डीआयडी घेऊन कोकणात राहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला येणाऱ्या निरोपांत तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. मला हे निदान आहे आणि मी सिंधुदुर्गात राहते, एवढाच माझा अधिकार. निदान आणि औषधं यांबाबत शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. या घडीला जीव नकोसा झाला असेल तर बाकी सगळं सोडा, थेट प्रश्न 11 वाचा.

1. डीआयडी म्हणजे नेमकं काय? घरच्यांना समजेल असं सांगा.

डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर. आपण कोण आहोत ही जाणीव एकाच माणसात दोन किंवा जास्त भागांत विभागलेली असते. प्रत्येक भागाचा स्वभाव, बोलण्याची ढब, भीती, आठवणी निराळ्या असू शकतात. एक भाग पुढे असताना जे घडलं ते दुसऱ्याला आठवेलच असं नाही. घरी एवढं सांगितलं तरी पुरतं.

पूर्वी याला मल्टिपल पर्सनॅलिटी म्हणत. अमेरिकन मानसोपचार संघटनेने 1994 मध्ये नाव बदललं. हा विकार असलेल्यांपैकी बहुतेकांच्या लहानपणी पुन्हा पुन्हा झालेला छळ, लैंगिक अत्याचार किंवा टोकाची हेळसांड सापडते. त्या वयात पळून जाता येत नाही, म्हणून मन अनुभवाचे कप्पे पाडतं, असं बहुतेक तज्ज्ञ मानतात. काही संशोधक मात्र सूचनांचा आणि संस्कृतीचा वाटा मोठा असल्याचं म्हणतात, आणि तो वाद मिटलेला नाही. परदेशातल्या पाहण्यांत प्रमाण साधारण 1 ते 1.5 टक्के आलं आहे, म्हणजे तुम्ही समजता तितकं हे विरळ नाही.

2. सिनेमात दाखवतात तसं आमचं माणूस कोणावर हल्ला करेल का?

सहसा नाही. बहुतेकांचं स्विच होणं, म्हणजे एक भाग मागे जाऊन दुसरा पुढे येणं, शेजाऱ्याच्या लक्षातही येत नाही. नजर क्षणभर हरवते, आवाज जरा बदलतो, चालू विषय सुटतो, बस्स. धोका असलाच तर तो बहुधा स्वतःलाच असतो.

3. विसरायला तर सगळ्यांनाच होतं. मला डीआयडी आहे हे कशावरून ओळखू?

चष्मा कुठे ठेवला ते विसरणं यात येत नाही. बाजारात गेलात आणि भान आलं तेव्हा एसटी कणकवलीला पोचली होती, तिकीट हातात, पण काढल्याचं आठवत नाही, हे यात येतं. वहीत आपलं नसलेलं अक्षर सापडतं. कपाटात आपण कधीच घेणार नाही अशी साडी असते. कोणी रस्त्यात ओळख दाखवतं, तुमच्या दृष्टीने ते अगदी परकं असतं. आतून आवाज, आपल्याबद्दलच चाललेला वाद, किंवा आपण स्वतःला बाहेरून पाहतो आहोत असं वाटणं, हेही पुष्कळ जण सांगतात.

पण यातलं काही जुळलं म्हणून स्वतःच शिक्का मारू नका. फिट्सच्या काही प्रकारांत, दारूत, डोक्याला मार लागल्यावरही वेळ हरवते, म्हणून डॉक्टर ईईजीसारखी (मेंदूच्या लहरींची) तपासणी सांगतील. ती करा. इंटरनेटवर फिरणारी 28 प्रश्नांची डीईएस चाचणी ही फक्त चाळणी आहे, तिच्यातून निदान होत नाही.

4. हाच तो स्किझोफ्रेनिया ना?

नाही, दोन्ही वेगळे आहेत. लोकांच्या बोलण्यात दोन्हींना ‘दुभंगलेलं मन’ म्हणतात, तिथून घोटाळा होतो. आवाज दोन्हींत ऐकू येऊ शकतात. म्हणूनच अनेकांना आधी चुकीचं निदान मिळतं आणि योग्य निदानापर्यंत पोचायला वर्षं जातात. डॉक्टरांना आवाजांइतकंच हरवलेल्या वेळेबद्दलही सांगा. ते सहसा आपण होऊन विचारत नाहीत.

5. सासूबाई म्हणतात बाहेरचं लागलंय, देवळात कौल लावूया. अंगात येणं आणि डीआयडी एकच का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच.

दसऱ्याला आमच्याकडे तरंग (देवांचे सजवलेले खांब) निघतात तेव्हा अवसर, म्हणजे देवाचा संचार, येतो. तो कोणाला येणार, कधी येणार, हे गावाला ठाऊक असतं. लोक गाऱ्हाणं घालतात, उत्तर मिळतं, अवसर उतरतो, आणि तो माणूस घरी जाऊन जेवतो. यात कोणाचं काही बिघडत नाही. समाजाने मान्य केलेल्या धार्मिक प्रथेत जे घडतं ते या विकारात धरायचं नाही, असं निदानाच्या निकषांतच लिहिलं आहे. डीआयडीतलं पुढे येणं न बोलावता होतं. सोमवारी सकाळी बांगडे साफ करताना होतं, मुलाच्या शाळेतल्या मीटिंगमध्ये होतं, आणि मागे कामाचा नि नात्यांचा विस्कोट ठेवून जातं.

आता गुंतागुंतीचा भाग. आपल्याकडे एखादा भाग देवी म्हणून, मेलेली आत्या म्हणून किंवा वाडीतला देवचार (जागेचा राखणदार) म्हणून बोलू शकतो. 2013 च्या डीएसएम-5 ने (अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेने) ही शक्यता निकषांतच घेतली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-11 मध्ये, बाधेच्या अवस्थेचं स्वतंत्र निदानही आहे. म्हणजे ‘देवीसारखी बोलते, म्हणून डीआयडी नाही’ हेही चूक, आणि ‘अंगात येतं, म्हणून डीआयडीच’ हेही चूक. हे डॉक्टरांनी वेळ देऊन तपासायचं काम आहे.

सासूबाईंशी भांडू नका. नारळ ठेवायचा तर ठेवा, गाऱ्हाणं घाला, मला त्यात काही वावगं दिसत नाही. बिनसतं ते भगताने ‘सात अमावास्या होईपर्यंत गोळी बंद’ असं सांगितल्यावर. दुसरं बिनसतं ते नाव दिल्यावर. ‘ही विहिरीत पडून मेलेली अमुक बाई’ असं एकदा चारचौघांत ठरलं की आतला घाबरलेला भाग तेच नाव धरून बसतो, आणि मग थेरपीत ते सोडवायला फार वेळ लागतो. तेव्हा सासूबाईंकडून दोनच गोष्टी कबूल करून घ्या: औषध थांबणार नाही आणि कोणी अंगाला हात लावणार नाही.

6. आणि हात लावलाच तर? धुरी, मार, बांधून ठेवणं?

तो गुन्हा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, दोरीने वा साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं हे महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात स्पष्ट येतं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, शिवाय दंड. 112 वर फोन करा. घरातल्याच माणसाविरुद्ध तक्रार करायला मन धजत नाही हे मला कळतं. निदान त्या रात्री तिथून बाहेर पडा.

7. कोकणात डॉक्टर मिळणार कुठे? मुंबईलाच जायला हवं का?

सुरुवात इथे होऊ शकते. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात गेलात म्हणजे तुम्हाला भरती करतात असं नाही. हे लिहावं लागतं, कारण ‘रत्नागिरीला पाठवा’ ही आपल्याकडे शिवी आहे. ओरोस आणि अलिबागच्या जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची सोय आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक तालुक्याच्या रुग्णालयात येत असेल तर त्याचा वार तिथल्या केसपेपर खिडकीवर विचारा. सावंतवाडी-दोडामार्गकडच्यांना गोव्यातली बांबोळीची मानसोपचार संस्था जवळ पडते. मुंबईत नातेवाईक असतील तर केईएम, नायर, सायन, जेजे या चारही ठिकाणी मानसोपचार विभाग आहेत.

डीआयडीचा अनुभव असलेला थेरपिस्ट मात्र दुर्मीळ आहे. पहिल्या भेटीत सरळ विचारा: ट्रॉमावर, म्हणजे मनावरच्या आघातांवर, काम केलंय का? ‘नाही, पण मी वाचून घेईन’ म्हणणारा माणूस मला ‘सगळं माहितीये’ म्हणणाऱ्यापेक्षा बरा वाटतो.

8. गोळीने भाग निघून जातील का?

नाही, डीआयडीची म्हणून गोळी नाही. झोप, नैराश्य, धास्ती यांवर मात्र औषधं असतात आणि त्यांनी दिवस सुसह्य होतात. ‘गोळीने आवाज गेले नाहीत’ म्हणून स्वतःच बंद करू नका, आधी डॉक्टरांशी बोला.

9. वाईट दिवस अचानकच येतो. आधी ओळखता येतो का?

पुष्कळदा येतो, पण ते नोंदी ठेवल्यावरच कळतं. भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेच्या चौकोनात एक खूण करा: झोप किती, जेवण झालं का, कोण भेटलं. दोन-तीन महिन्यांत काहीतरी नक्षी दिसायला लागते.

माझ्यापर्यंत आलेल्या गोष्टींत काही कारणं सारखी येतात. झोपमोड सगळ्यांत वर. पावसाळ्यातली कोंडी: लाईट नाही, बाहेर पडणं नाही, घरात अंधार. नवरा बोटीवर असेल तर 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीत तो घरी असतो. तिथे काहींना बरं वाटतं, काहींची रोजची घडीच मोडते. सण, त्यातही गणपती (त्यावर प्रश्न 13). वास हा सगळ्यांत लबाड. ओल्या गोणपाटाचा, बिडीचा किंवा एखाद्या तेलाचा वास आला की काय झालं ते कळायच्या आत भाग बदललेला असतो.

आणि दारू. काजूच्या मोसमात उराक (काजूच्या बोंडांची दारू) घरोघरी असतो. ‘थोडी घेतली की आत शांत होतं’ असं पुष्कळ जण लिहितात. त्या रात्री होतंही. दुसऱ्या दिवशी हरवलेली वेळ वाढलेली असते.

10. तो दिवस आलाच तर नेमकं काय करायचं? आणि अगोदर काय तयारी ठेवायची?

तयारी आधी सांगते, कारण वाईट दिवशी नवीन काही सुचत नाही. जे चांगल्या दिवशी करून ठेवलं असेल तेवढंच हाताला लागतं.

एक वही, सगळ्या भागांसाठी. ‘आज मंगळवार, गॅस बंद केला, मुलगा तीनला येतो’ इतकं साधं लिहायचं. ज्याला काही सांगायचं असेल त्याने त्यातच लिहावं, शिव्या लिहिल्या तरी चालतील, फाडायचं नाही. भागांची एकमेकांशी बोलाचाली सुरू होण्याची हीच खरी जागा, आणि बहुतेक थेरपिस्ट इथूनच सुरू करतात. दुसरं, पाकिटात एक चिठ्ठी: नाव, पत्ता, दोन फोन नंबर, चालू औषधं. तिसरं, धोक्याच्या वस्तू. कोयता, विळी आणि जास्तीच्या गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यात. आंब्या-काजूच्या फवारणीची औषधं कुलपात, किल्ली तुमच्याकडे नाही. आड उघडा असेल तर त्यावर जाळी. चौथं, कागदपत्र. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी साध्या कागदावर सही करून नेमता येतो. तो नवराच असायला हवा असं नाही.

आता प्रत्यक्ष तो दिवस. डोळे उघडे ठेवा. ‘डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्या’ हा सल्ला आपल्यातल्या अनेकांना उलटा पडतो, डोळे मिटले की आत घसरायला होतं. पाय जमिनीला टेकवा, लादी गार असेल तर उत्तम. मोठ्याने बोला: आज कोणता वार, कोणतं साल, माझं वय किती, मी कुठे आहे. साल महत्त्वाचं, कारण घाबरलेल्या भागासाठी अजून ते जुनंच साल चालू असतं. आमसूल तोंडात धरा, आंबट चवीने माणूस पटकन ताळ्यावर येतो. हाताला लागेल ती वस्तू घेऊन तिचं वर्णन करा, मग पोळपाटलाटणं का असेना.

तरी नाही जमलं, तर दिवस छोटा करा. आंघोळ राहिली तरी चालेल. पेज आणि लोणचं हे जेवण आहे. गाडी चालवायची नाही, पैशांचे व्यवहार करायचे नाहीत, नातं तोडणारा निरोप पाठवायचा नाही. आतल्या भागांशी वाटाघाट करता येत असेल तर ‘आत्ता नको, संध्याकाळी वहीत’ असं म्हणून पाहा. आश्चर्य वाटेल इतक्या वेळा ते मान्य होतं, मात्र संध्याकाळी वही खरंच उघडावी लागते.

11. आतला एक भाग मरायचं म्हणतो. माझी तशी इच्छा नाही. हे गंभीर धरायचं का?

हो, पूर्ण गंभीर. शरीर एकच आहे. डीआयडीत आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण फार मोठं आहे, म्हणून ‘तो बोलतो, करणार नाही’ यावर विसंबू नका.

आत्ता एकटे राहू नका. शेजारी कोणालाही हाक मारा, कारण सांगायची गरज नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. काही घेतलं असेल किंवा इजा केली असेल तर 108 किंवा 112. पोलीस केस होईल म्हणून दवाखाना टाळू नका. 2017 च्या कायद्याच्या कलम 115 प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरतात आणि त्याला शिक्षा करत नाहीत.

वादळ ओसरल्यावर त्या भागाला विचारा की त्याला नक्की काय थांबवायचंय. बहुधा त्याला दुखणं थांबवायचं असतं. त्यावर थेरपीत काम होतं.

12. मी नवरा आहे. बायको एकदम दुसऱ्याच कोणासारखी बोलू लागली तर मी काय करू? कुठल्या नावाने हाक मारू?

खाली बसा, आवाज हळू ठेवा, आपण कोण ते सांगा: ‘मी अमुक, तुझा नवरा, आपण आपल्या घरी आहोत, इथे कोणी त्रास द्यायला येणार नाही.’ तिने वेगळं नाव सांगितलं तर ते वापरायला हरकत नाही. स्वतःहून नावं पाडू नका आणि गंमत म्हणून ‘त्या दुसरीला बोलव ना’ असं कधीही म्हणू नका. परीक्षा घ्यायची नाही, व्हिडिओ काढायचा नाही, शेजारच्या काकूंना दाखवायला बोलवायचं नाही.

रागीट भाग बहुतेकदा राखणदार असतो, त्याला हाकलून लावायला गेलात तर तो आणखी चिडतो. ‘तू हिला सांभाळतोस हे मला कळतं’ एवढं म्हटलं की सूर उतरतो. मारहाण मात्र कोणत्याही भागाची चालवून घ्यायची नाही. तेव्हा खोलीबाहेर जा.

लहान मुलासारखा भाग पुढे असेल तर चूल, विळी, स्कूटरची किल्ली दूर. आणि हा प्रश्न लाजत लाजत विचारला जातो म्हणून स्पष्टच लिहिते: त्या वेळी शरीरसंबंध नाही. तिने जवळ घ्या म्हटलं तरी नाही. पुढे कोण आहे याबद्दल शंका असली तरीही नाही.

नंतर तिला काय झालं ते साध्या शब्दांत सांगा, गाऱ्हाण्याचा सूर नको. आणि स्वतःसाठीही कोणीतरी बोलायला ठेवा. 14416 घरच्यांसाठीही आहे.

13. गणपतीला गावच्या घरी गेलं की महिनाभर बिघडतं. ज्याने लहानपणी त्रास दिला तो माणूस तिथे असतो. पण न जाऊन कसं चालेल?

चालतं. चाकरमानी गावी आला नाही तर लोक दोन दिवस बोलतात. त्या बोलण्याची किंमत आणि महिनाभराच्या आजाराची किंमत तुम्हीच तोला. माझं मत विचाराल तर जाऊ नका.

जायचंच ठरलं तर दीड दिवस, पाचही नाही. परतीचं आरक्षण आधी हातात, आणि शक्य असेल तर मुक्काम दुसऱ्या वाडीत मावशीकडे. सोबत कोणीतरी ज्याला सगळं माहीत आहे. आरतीच्या गर्दीत तो माणूस कुठे उभा राहतो ते बघून तुम्ही पडवीच्या दुसऱ्या टोकाला. त्याच्याशी सोक्षमोक्ष लावायची ही वेळ नव्हे, आतले भाग आधीच टांगणीला लागलेले असतात. त्या घरात आज दुसरी लहान मुलं असतील आणि त्यांच्याबद्दल शंका असेल तर मात्र थांबू नका: मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, 1098 वर, फोन करा. अठराखालच्या मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती देणं पोक्सो कायद्याने प्रत्येकाला बंधनकारक आहे.

14. मला लहानपणाचं काही आठवत नाही. संमोहन करून शोधून काढू का?

नका. संमोहनात आठवल्यासारख्या वाटणाऱ्या गोष्टी खऱ्या असतीलच असं नाही, आणि ज्या खऱ्या असतील त्या पेलायची तयारी नसेल तर माणूस कोसळतो. तज्ज्ञांचा प्रचलित क्रम तीन टप्प्यांचा आहे: आधी सुरक्षितता आणि रोजचं जगणं स्थिर करणं, मग आघाताच्या आठवणींवर काम, मग भागांना जोडत आयुष्य उभं करणं. पहिल्याच टप्प्यात वर्ष-दोन वर्षं जाऊ शकतात. पहिल्याच भेटीत ‘सगळं बाहेर काढूया’ म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

15. मी ट्रॉलरवर खलाशी आहे. तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) सांगू का?

निदानाचं नाव सांगायची सक्ती नाही, तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. पण समुद्रावर वेळ हरवली तर तुमच्यासह इतरांचा जीव जातो. ‘मला चक्कर येते, रात्रीच्या पाळीला सुकाणूवर ठेवू नका’ इतकं सांगा. गेल्या महिनाभरात वेळ हरवलेली असेल तर डॉक्टरांशी बोलेपर्यंत जेट्टीवरचं काम, जाळी विणणं, बर्फाचं काम बघा. एसटी, रिक्षा, डंपर चालवणाऱ्यांनाही हेच लागू.

16. एका भागाने मैत्रिणीकडून पैसे उसने घेतले. मला आठवतही नाही. फेडायचे कोणी?

तुम्ही. कडू आहे, पण बाहेरच्या जगाला माणूस एकच दिसतो, आणि थेरपीतही सगळ्या भागांची जबाबदारी मिळून घ्यायला शिकवतात. पुढे असं होऊ नये म्हणून खात्यात थोडेच पैसे ठेवा, यूपीआयची मर्यादा कमी करा, आणि कोणाला किती हवंय हे वहीत विचारा.

17. माझ्या सहा वर्षांच्या मुलीची न दिसणारी मैत्रीण आहे. मला डीआयडी आहे. तिलाही झालं का?

काल्पनिक मैत्रीण म्हणजे डीआयडी नव्हे, निकषांत तसं स्पष्ट लिहिलं आहे. हे आजार असे आईकडून मुलीला उतरत नाहीत. ती खेळते, शाळेत जाते, झोपते, तर तिला खेळू द्या.

18. यातून पूर्ण बरं होता येतं का? सगळे भाग एक व्हायलाच हवेत?

काहींचे भाग एक होतात. काही जण वेगवेगळे राहूनच एकमेकांना सांभाळत नोकरी-संसार करतात. दोन्ही उपचाराचे मान्य शेवट आहेत. वेळ मात्र वर्षांत मोजावा लागतो. मला स्वतःला ‘एक होणं’ या शब्दाचीच आतून भीती वाटते, तेव्हा मी आज वेळ हरवली का एवढंच बघते.

19. आमच्या वाडीत पावसाळ्यात रेंज नसते. ऑनलाइन थेरपी कशी करायची?

व्हिडिओचा हट्ट सोडा, साधा फोन चालतो. थेरपिस्टशी आधीच ठरवा: फोन तुटला तर कोण कोणाला लावणार, किती वेळ वाट पाहायची, आणि अवघड विषय मध्येच सुटला तर काय करायचं. अवघड विषय पहिल्या अर्ध्या तासात, शेवटची दहा मिनिटं चहा-पाण्याच्या गप्पांना. पडवीत बसून बोलू नका, सगळी वाडी ऐकते. सड्यावर (डोंगरमाथ्याच्या पठारावर) रेंज येते म्हणून भर पावसात एकट्याने वर जायचं तर तेही नको. तालुक्याला मैत्रिणीची खोली तासाभरासाठी मिळते का बघा, बाजाराच्या दिवशी वेळ घ्या, म्हणजे घरी वेगळं कारण द्यावं लागत नाही.